कृत्रिम घरटी वाटण्याआधी धुऱ्यावरच्या ढोली राखा

प्रति,
मा. संपादक,
स. न.

विषय : शेतशिवारात लावल्या जाणाऱ्या कृत्रिम घरट्यांबाबत

महोदय,

चिमणी दिनाच्या निमित्ताने गावोगावी लाकडी घरटी वाटल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांपासून आपल्या जिल्हा पानावर नेमाने येत असतात. शाळा, ग्रामपंचायती आणि तरुणांची मंडळे हे काम मनापासून करतात, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र या बातम्यांत किती घरटी वाटली याचाच आकडा असतो. त्यांत कोणते पक्षी राहायला आले, किती पिले उडाली आणि किती पेट्या पहिल्याच पावसाळ्यात फुगून खाली आल्या, याचा उल्लेख माझ्या वाचनात आलेला नाही. हिंगणघाट तालुक्यात कापूस, तूर, सोयाबीन आणि हरभरा घेणारा शेतकरी म्हणून, आणि वावरातल्या पक्ष्यांकडे बरीच वर्षे लक्ष ठेवून असलेला माणूस म्हणून, या विषयावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटले. माझे म्हणणे एवढेच आहे की, पेटी ही झाडाच्या ढोलीची बदली आहे. जिथे पक्ष्याला खायला आहे पण अंडी घालायला ढोल नाही, तिथेच ती कामी येते. आपल्याकडे मात्र ती सरसकट, एकाच मापाची आणि नको त्या महिन्यात टांगली जाते.

मुळात पेटीत राहणारे पक्षी थोडे आहेत. शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीचे कोतवाल, बगळे, होले, वेडे राघू आणि सुगरणी यांपैकी एकही पेटीत शिरणार नाही. कोतवाल फांदीच्या बेचक्यात उघडे घरटे बांधतो, वेडा राघू नाल्याच्या काठात बीळ खोदतो आणि सुगरणीचे घरटे सर्वांनी पाहिलेलेच आहे. पेटी स्वीकारतात ते फक्त ढोलीत किंवा भोकात घरटे करणारे पक्षी, आणि त्यांच्यातही स्वतः ढोल कोरणारे कारागीर मुख्यतः दोनच : सुतार पक्षी आणि तांबट. हे दोघे वाळलेल्या, कुजू लागलेल्या लाकडात चोचीने ढोल पाडतात, तीत एखादा हंगाम काढतात आणि पुढे ती ढोल दुसऱ्यांच्या वाट्याला येते. साळुंकी, भांगपाडी मैना, दयाळ, राखी वल्गुली, पोपट हे सारे त्या अर्थाने भाडेकरू आहेत. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या ज्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीने सालिम अलींना पक्षिशास्त्राकडे वळवले, ती रानचिमणीही याच बिरादरीतली. पिंगळा, नीलपंख, हुदहुद, राखी धनेश आणि गव्हाणी घुबड यांना याहून मोठी जागा लागते. तशी ढोल, फांदी मोडून, पाणी मुरून, आतले लाकूड हळूहळू कुजत जाऊन, जुन्या झाडालाच पडते. आज लावलेले रोप आपल्या हयातीत पिंगळ्याच्या कामाचे होईलच असे नाही. वृक्षारोपणाच्या उत्साहात ही गोष्ट हमखास विसरली जाते.

या ढोली शिवारातून कशा गेल्या, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. पूर्वी दोन वावरांच्या मधला धुरा चांगला रुंद असे आणि त्यावर बाभूळ, हिवर, कडुनिंब, बोर, मधूनच एखादा गावरान आंबा किंवा मोह उभा असे. ट्रॅक्टर आला, भावाभावांत वाटण्या झाल्या, तसा धुरा नांगराच्या एकेका तासाने आत सरकत गेला आणि सावलीखाली पीक येत नाही म्हणून झाडे गेली. उभे वाळलेले झाड तर कोणालाच नको असते. ते सरपणाला तोडले जाते, आणि तोडणाऱ्याला आपण काही चुकीचे करत आहोत असे वाटतही नाही, कारण झाड मेलेलेच असते. पण तांबटाला आणि सुताराला हवे असते ते नेमके तेच लाकूड. झाडे तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा १९६४ चा राज्याचा कायदा आहे. परंतु त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ अशी ठरावीक झाडे येतात, आणि धुऱ्यावरची वाळकी बाभूळ कोणाच्या खिजगणतीत नसते. पांदण रस्ते, म्हणजे वावरात जाण्याच्या वाटा, रुंद करण्याच्या कामांतही दोन्ही बाजूंची जुनी झाडे प्रथम जातात. पांदण व्हायलाच हवी, पावसाळ्यात बंडी आणि मालवाहू गाडी चिखलात रुतते तेव्हा तिची किंमत आम्हालाच मोजावी लागते, यात वाद नाही.

झाडांखेरीज आणखी दोन जागा गेल्या, ज्यांच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. दगडी बांधणीच्या जुन्या विहिरींत दगड निसटून कपारी पडत. त्यांत पारवे, साळुंक्या आणि पोपट पिले काढीत, कधी एखाद्या खोल कपारीत पिंगळाही असे. आताच्या सिमेंटच्या कड्यांच्या विहिरीत बोट शिरायलाही फट नसते. दुसरी जागा म्हणजे कवेलूची घरे आणि कुडाचे कोठे. चिमणी तिथे आढ्याच्या सांध्यात, वळचणीला, कवेलूच्या पोकळीत राहत होती. स्लॅबच्या घराने आणि पत्र्याच्या शेडने ती सोय संपवली. चिमणीपुरते बोलायचे तर पेटी ही खरोखर गरजेची वस्तू आहे, आणि योग्य बनवली तर चिमण्या ती लगेच धरतात.

आता योग्य म्हणजे काय, याकडे येतो, कारण सगळे इथेच अडते. पेटीत कोण राहील हे पेटीच्या रंगावर किंवा तिच्यावरच्या नावांवर ठरत नाही, तर भोकाच्या मापावर ठरते. चिमणीला सव्वा इंचाचे भोक पुरते. वाटल्या जाणाऱ्या पेट्यांना बहुधा दोन-अडीच इंचांचे भोक असते, आणि तेवढ्यातून साळुंकी सहज आत जाते. साळुंकी हा आपलाच पक्षी आहे, नांगरामागे फिरून किडे वेचणारा आहे, त्याच्याशी माझे वैर नाही. पण घरट्याच्या जागेसाठी ती विलक्षण भांडखोर आहे. ती दुसऱ्या पक्ष्यांची अंडी फोडते, पिले बाहेर टाकते आणि जागा बळकावते. ऑस्ट्रेलियात १८६२ पासून किडींच्या बंदोबस्तासाठी म्हणून ती मेलबर्न भागात नेऊन सोडली गेली आणि आज तिथल्या देशी पोपटांच्या ढोली ती पळवते म्हणून लोक हैराण आहेत. तेव्हा अडीच इंचांचे भोक ठेवून त्यावर ‘चिमणीचे घर’ असे लिहिले, तरी ते साळुंकीचेच घर होते. साळुंकीसाठी पेटी लावायची असेल तर खुशाल लावावी, हरभऱ्यात ती उपयोगाचीच आहे. फक्त आपण काय करत आहोत हे ठाऊक असावे.

आमच्या कडुनिंबावरची अशी एक पेटी पोळ्यानंतर साफ करायला खाली उतरवली, तेव्हा तिच्यात काय काय निघाले ते सांगण्यासारखे आहे. तळाशी तुरीच्या काटक्या आणि गव्हाचे कुटार, त्यावर कापसाची सरकीसकट बोंडे, बियाण्याच्या पाकिटाचा चकचकीत तुकडा, गुटख्याच्या पुड्या, सुतळी आणि सगळ्यांत वर सापाची अख्खी कात, नीट घडी घालून ठेवावी तशी. साळुंक्या कात मुद्दाम आणून घालतात. पेटीच्या भोकाची कड खारीने कुरतडून मोठी केलेली होती, आणि भोकाभोवती पत्र्याची चकती ठोकली असती तर हे टळले असते. अशी सफाई वर्षातून एकदा, पिले उडून गेल्यावर, नाकाला फडके बांधून करावी लागते, कारण जुन्या घरट्यात पिसवा आणि गोचिडे वाढतात. वाटलेल्या पेट्यांपैकी कितींना उघडता येईल असे झाकण असते, हे पाहण्यासारखे आहे.

भोकाखाली बसण्यासाठी एक काडी ठोकण्याची पद्धत आहे. ती दिसायला छान, पण ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला तिची गरज नसते; तिचा उपयोग होतो कावळ्याला, आणि अंड्यांवर टपलेल्या साळुंकीला. भोक तळापासून निदान पाच-सहा इंच वर असावे, म्हणजे मांजराचा पंजा पिलांपर्यंत पोहोचत नाही. आतली बाजू रंधा मारून गुळगुळीत करू नये, कारण पिलांना नखे रोवून वर चढायचे असते. आत रंग नको, तळाला पाणी निचरायला चार बारीक छिद्रे हवीत. प्लायवूड स्वस्त पडते, पण मृगाच्या आणि आर्द्राच्या पावसात त्याचे थर सुटतात. आरामशीनवर मिळणाऱ्या आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या पाऊण इंची फळ्या त्याहून टिकाऊ. झाडाला खिळे न ठोकता सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणि तार वापरली तर झाडालाही इजा होत नाही. धामण खांबावरून सरळ वर जाते, म्हणून उघड्या खांबावर पेटी लावल्यास खाली पत्र्याचे गुळगुळीत नळकांडे बसवावे.

विदर्भात याहूनही मोठा प्रश्न उन्हाचा आहे. जिवंत झाडाच्या ढोलीला चहूबाजूंनी जाड, ओलसर लाकूड असते आणि त्यामुळे बाहेर पारा ४५ अंशांवर गेला तरी आतले तापमान बरेच कमी राहते. पातळ फळीच्या पेटीत तसे होत नाही, आणि तेलाचा रिकामा पिपा, पत्र्याचा डबा किंवा प्लास्टिकची बाटली कापून केलेले घरटे तर वैशाखात भट्टी होते. पिले त्यात होरपळतात किंवा पंख फुटायच्या आधीच बाहेर उडी घेऊन मांजराच्या तोंडी जातात. जिल्ह्याबाहेरून आलेल्या नमुन्यांप्रमाणे पेट्या बनवताना हे कोणी ध्यानात घेत नाही. आपल्याकडे पेटीचे तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला असावे, म्हणजे दुपारचे ऊन आणि नैर्ऋत्येकडून येणारा पावसाचा मारा दोन्ही टळतात. झाडही पाहून निवडावे. सागाची पाने उन्हाळ्यात झडलेली असतात, त्यामुळे सागाला टांगलेली पेटी ऐन मे महिन्यात उघडी पडते. कडुनिंब, आंबा आणि चिंच त्या वेळी सावली धरून असतात. गावातल्या कुंभाराकडून जाड मातीची, योग्य भोकाची गाडगी करून घेऊन ती सावलीत आडवी बांधली, तर ती लाकडाइतकीच चालतात आणि पत्र्याच्या मानाने कितीतरी थंड राहतात. मला विचाराल तर प्लायवूडपेक्षा तोच खर्च कुंभाराला गेलेला बरा.

हंगामाचेही तेच. चिमणी दिन २० मार्चला असतो, २०१० पासून तो पाळला जातो आणि त्यामुळे बहुतेक पेट्या मार्चअखेर टांगल्या जातात. तोवर पिंगळा आणि पोपट अंड्यांवर बसलेले असतात आणि हुदहुदाचीही जागा ठरलेली असते. शिवाय नवीन वस्तूकडे पक्षी काही दिवस संशयाने पाहतात. शेतात लावायच्या पेट्या दिवाळीच्या आसपास, तुरीला फुले येतात त्या सुमारास लागल्या पाहिजेत.

आता पिंगळ्याविषयी. विदर्भातल्या शेतकऱ्याने एकाच पक्ष्यासाठी पेटी लावायची असे ठरवले, तर मी पिंगळ्याचे नाव सुचवीन. तो माणसाला फारसा बुजत नाही, गावाजवळच्या झाडांवर, पडक्या भिंतींत, कोठ्याच्या आढ्यावर तो पूर्वीपासून राहत आला आहे, आणि तीन इंचांचे भोक असलेली, फूटभर खोल पेटी दाट फांद्यांच्या आडोशाला लावली तर ती तो स्वीकारतो. एकाच धुऱ्यावर ओळीने पाच पेट्या लावण्यात अर्थ नाही, कारण एक जोडी आपल्या भागात दुसरीला येऊ देत नाही. तो खातो काय, हे त्याच्या बसण्याच्या फांदीखाली पाहून कळते. न पचलेला भाग तो गोळीच्या रूपाने तोंडातून टाकतो. ही करड्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी गोळी कोमट पाण्यात भिजवून काडीने मोकळी केली की भुंगेऱ्यांची चकाकती कवचे, टोळांचे आणि रातकिड्यांचे पाय, मधूनच सरड्याचे हाड, आणि नशीब असेल तर उंदराचा अख्खा जबडा निघतो, ज्याचे पुढचे दात पिवळसर नारिंगी असतात. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जेव्हा कडुनिंबावर आणि बाभळीवर गोळा होतात, त्या दिवसांतल्या गोळ्यांत कवचांशिवाय दुसरे काही सापडत नाही. आमच्या गावातल्या शाळेत मुलांना मी या गोळ्या फोडून दाखवल्या आहेत. फळ्यावर किडीचे चित्र काढून जे समजत नाही, ते त्यांना एका गोळीत समजते.

याच पिंगळ्याचा दुर्मीळ नातलग रानपिंगळा हा नामशेष झाला असे मानले जात असताना १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि पुढे आपल्याच मेळघाटात त्याचे मोठे ठाणे आढळले. तो सागाच्या जंगलातला, जुन्या झाडांच्या ढोलींत राहणारा पक्षी आहे. शेतातल्या पेट्यांशी त्याचा संबंध नाही, आणि उत्साहाच्या भरात कोणी त्याच्यासाठी जंगलात पेट्या घेऊन जाऊ नये, म्हणून हा उल्लेख.

उंदरांसाठी खरा उपयोगाचा पक्षी गव्हाणी घुबड. त्याला दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच पेटी आणि सहा इंचांचे दार लागते. तो काड्या-गवत काहीही आणत नाही. पेटीच्या तळावर, आपल्याच टाकलेल्या गोळ्यांच्या भुग्यावर मादी अंडी घालते. पहिल्या अंड्यापासूनच ती उबवायला बसते, त्यामुळे पिले दोन-तीन दिवसांच्या अंतराने बाहेर येतात आणि एकाच घरट्यात लहान-मोठी दिसतात. उंदीर भरपूर असले तर सगळी जगतात, कमी असले तर धाकटी मरतात. पिले पेटीत दोनेक महिने असतात आणि तो सारा काळ आई-बाप रात्रभर उंदीर आणून घालत असतात. इस्राएलमध्ये बेट शेआन खोऱ्यातल्या स्दे एलियाहू या वसाहतीने १९८३ मध्ये शेतात अशा पेट्या लावायला सुरुवात केली, ती चळवळ पुढे देशभर पसरली आणि जॉर्डनमधले शेतकरीही तीत सामील झाले, कारण उंदीर आणि घुबड दोघेही सरहद्द मानत नाहीत. मलेशियात तेलमाडाच्या मळ्यांतही हा प्रयोग अनेक वर्षे चालू आहे. आपल्या देशात लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील संशोधकांनी शेतशिवारात लाकडी पेट्या लावून त्या कोणते पक्षी स्वीकारतात याचा अभ्यास केलेला आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने असे काम वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्याच्या हवामानात केले, तर आम्हाला पंजाबच्या किंवा परदेशाच्या मापांवर अवलंबून राहावे लागणार नाही.

परंतु मलेशियाच्याच अनुभवातली दुसरी बाजू सांगितली पाहिजे. तिथे उंदरांसाठी जुन्या वॉरफरीनऐवजी ब्रोडिफॅकूमसारखी अधिक तीव्र विषे वापरात आली, तेव्हा मळ्यातली घुबडे झपाट्याने कमी झाली. आपल्याकडे दुकानातून मिळणाऱ्या ब्रोमाडिओलोनच्या वड्या त्याच जातीच्या. त्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो दोन-चार दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि असा उंदीर घुबडाला सर्वांत आधी सापडतो. एकीकडे घुबडाची पेटी लावायची आणि त्याच धुऱ्यावर बिळाबिळात या वड्या टाकायच्या, म्हणजे पिलांना विष भरवण्याची सोय करण्यासारखे आहे. ज्या शेतकऱ्याला विष वापरणे टाळता येत नाही, त्याने पेटीच्या आसपासच्या वावरात तरी, आणि पिले असतील त्या दोन महिन्यांत तरी, पिंजरे लावावेत आणि बिळे खणून काढावीत. उंदरांचा उद्रेक झाला तर घुबडाची एक जोडी तो आवरणार नाही, हेही खरे. त्यांचा उपयोग उंदीर वाढू न देण्यात आहे.

घुबडाबद्दलची भीती हा वेगळा अडथळा आहे. पेटीत घुबड राहायला आले की घरातली वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नदीत नेऊन घासते आणि दगड झिजतो तसा मारणारा माणूस झिजत जातो, ही समजूत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. शास्त्र काहीही म्हणो, त्या एका समजुतीने आमच्या भागातली पुष्कळ घुबडे वाचवली असावीत. उलट अमावास्येच्या आणि दिवाळीच्या सुमारास घुबडे पकडणाऱ्यांचा धोका असतो. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी बिघडवणे हीसुद्धा शिकारच ठरते. म्हणून घुबडाच्या पेट्यांचे फोटो आणि ठिकाण मोबाइलवरून सगळीकडे पाठवू नये, ही तरुण मित्रांना विनंती.

पेटी कुठे खरोखर कामी येते, याचे सर्वांत चांगले उदाहरण मला स्वित्झर्लंडच्या व्हाले खोऱ्यातले वाटते. तिथे हुदहुद जवळजवळ संपत आले होते. त्यांचे खाद्य, म्हणजे जमिनीतले मोठे किडे, खाली सपाटीवरच्या फळबागांत होते, आणि ढोली असलेली झाडे वर डोंगरउतारावर. पिलांसाठी प्रत्येक घास खालून वर न्यावा लागत असे. संशोधकांनी नव्वदीच्या दशकाच्या शेवटी फळबागांतल्या शेडांमध्ये आणि कोठारांत शेकडो पेट्या बसवल्या आणि काही वर्षांत हुदहुदांची संख्या कित्येक पटींनी वाढली. तिथे खाद्य होते, फक्त ढोल जवळ नव्हती. आपल्या मोर्शी-वरूड, काटोल-नरखेडच्या संत्राबागांची स्थिती यापेक्षा फार निराळी नसावी. ओलिताची, मऊ माती, भरपूर अळ्या, आणि बागेभोवती ढोल पडण्याइतके जुने झाड क्वचितच. बागेतल्या मोटारपंपाच्या खोलीच्या भिंतीत, सावलीच्या बाजूला, सहा-आठ फुटांवर दोन इंची भोकाच्या पेट्या बसवून पाहणे बागायतदारांना काही जड नाही. साळुंक्या त्यांत आधी घुसतील, हे गृहीत धरून थोड्या जास्त लावाव्या लागतील.

उलट जिथे खाद्यच नाही, तिथे पेटी रिकामी राहते किंवा तिच्यात पिले मरतात. चिमणी दाणे खाते हे आपण पाहतो, पण तिची पिले पहिले काही दिवस अळ्या आणि किड्यांवरच वाढतात. पेरणीपासून तणनाशक आणि नंतर एकापाठोपाठ एक फवारण्या झालेल्या सोयाबीनच्या वावराला लागून पन्नास पेट्या टांगल्या, तरी पिलांच्या चोचीत काय जाणार? फवारणीचा विषय निघाला की मला २०१७ चा हंगाम आठवतो, ज्या वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे औषध पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला मारते, त्यातून बोटाएवढे पिलू वाचेल असे कोणी समजू नये.

मात्र पक्षी आले की फवारणीच नको, असे जे काही ठिकाणी सांगितले जाते, ते मला पटत नाही आणि त्याने शेतकऱ्याची दिशाभूल होते. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, तिथे कोणताही पक्षी पोहोचत नाही. हरभऱ्यावरची घाटेअळी उघड्यावर असते, आणि तिथे साळुंक्या, कोतवाल, बगळे यांचे काम डोळ्यांना दिसते. म्हणूनच कृषी विद्यापीठे हरभऱ्यात पक्षिथांबे उभारायला आणि पेरताना थोडी ज्वारी मिसळायला सांगतात. पेट्या हा त्याच शिफारशीचा पुढचा भाग समजावा. थांब्यावर पक्षी दिवसा येऊन बसतो. पेटी असेल तर तो पिलांसह तिथेच राहतो आणि सर्वांत जास्त अळ्या पिले वाढवतानाच वेचल्या जातात.

यापुढे घरटी वाटणाऱ्या मंडळांनी आणि त्यांना निधी देणाऱ्यांनी पेटीवर कोणत्या पक्ष्यासाठी ती आहे आणि तिचे भोक किती इंचांचे आहे हे लिहावे, पोळ्यानंतर ती उघडून आत काय सापडले याची नोंद एका वहीत ठेवावी, आणि पुढच्या वर्षीच्या पेट्या त्या वहीवरून ठरवाव्यात. शाळांना हे काम सहज जमेल. पिले असताना पेटी वारंवार उघडून पाहू नये. दुरून, तासभर शांत बसून, आई-बाप चोचीत काय आणतात ते पाहिले तरी पुरेशी माहिती मिळते. आपल्या वर्धा शहरातल्या नागरिकांनी मतदान करून नीलपंखाला शहरपक्षी म्हणून निवडले आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, तो हाच पक्षी, आणि तोही वाळक्या शिंदीच्या बुंध्यातल्या किंवा जुन्या झाडाच्या ढोलीतच अंडी घालतो. त्याच्या युरोपातल्या भाऊबंदाने स्पेन आणि हंगेरीत शेतातल्या पेट्या मोठ्या संख्येने स्वीकारल्या आहेत. आपला नीलपंख काय करतो, हे पाहायला वर्धा जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

शेवटची विनंती पांदण रस्त्यांच्या कामांबाबत आहे आणि ती ग्रामपंचायतींना व संबंधित अधिकाऱ्यांना आहे. ही कामे बहुतेक उन्हाळ्यात, म्हणजे नेमकी ढोलीत पिले असतात त्या महिन्यांत होतात. जेसीबी येण्याआधी चुन्याची खूण केलेल्या प्रत्येक जुन्या झाडाला ढोल आहे का, तिच्यात ये-जा आहे का, हे गावातल्या माहीतगार माणसाकडून एक दिवस पाहून घ्यावे. ज्या झाडावर घरटे सापडेल ते झाड पिले उडेपर्यंत, फार तर मृगापर्यंत, ठेवावे आणि रस्त्याचे काम पुढच्या टोकाकडून सुरू करावे. वाळलेले झाड रस्त्याच्या आखणीत येत नसेल आणि कोणाच्या घरावर पडण्याचा धोका नसेल, तर ते उभेच राहू द्यावे. आणि जे झाड तोडावेच लागेल, त्याच्या बुंध्याचा ढोलीचा दोन-तीन फुटांचा भाग आरीने अखंड कापून, वरून फळीचे झाकण बसवून, जवळच्या कडुनिंबाला किंवा चिंचेला पूर्वेकडे तोंड करून बांधावा. त्याला सुतार, प्लायवूड किंवा निधी यांपैकी काहीच लागत नाही, आणि पाऊण इंची फळीच्या पेटीपेक्षा तो उन्हात थंड राहतो.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक,
ता. हिंगणघाट, जि. वर्धा